सीताफळाचं चांदीचं झाड

गुरुवारी भर दुपारी उस्मानपुऱ्यात रत्नमाला हिवराळेंच्या दारासमोर एक स्कूटर येऊन थांबली. चालवणाऱ्या मुलीनं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही पायांच्या मध्ये इतकं घट्ट धरलं होतं, की तिला उतरताच येईना.

"मावशी, एवढं जरा धरा ना. हळू! माझं लग्न आहे रविवारी."

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते रत्नमालाताईंना कळलं नाही. पण त्यांनी गोधडी धरली. धरल्याबरोबर आतून किणकिण आवाज आला, आठ-दहा जणी एकदम कुजबुजाव्यात तसा.

रत्नमालाताई एकसष्ट वर्षांच्या होत्या. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं टूलरूममध्ये यंत्रांचे भाग घडवण्यात काढली होती. केसाच्या जाडीएवढी चूक डोळे मिटून बोटानं सांगायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी बहिणीच्या चांदीच्या करंड्याचं झाकण नीट बसवून दिलं आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. चांदीला डाग देऊन जोडणारे, उजाळा देणारे सराफ्यात पुष्कळ होते. पण ज्यात काही हलतं, उघडतं, फिरतं, मग ते गुलाबदाणीचं मळसूत्र असो की पानदानाची बिजागरी, ती वस्तू फिरून फिरून शेवटी उस्मानपुऱ्यात त्यांच्याच खिडकीखालच्या टेबलावर यायची.

मुलीचं नाव तनुजा पठाडे. घर करमाडचं, नोकरी शेंद्र्याच्या एका कंपनीत. तिनं गोधडी सोडली आणि आतून दीड हात उंचीचं एक काळंठिक्कर झाड बाहेर आलं.

"हे काय, कोळशात पुरून ठेवलं होतं का?"

"धान्याच्या खोलीत होतं. चांदी आहे मावशी, सगळी. माझ्या खापरपणजोबांनी निजामाच्या काळात करवून घेतलं. जेवणं झाली की पाहुण्यांपुढं हे ठेवायचे. प्रत्येक फळात वेगळा मुखवास असायचा, आणि झाड आपलंआपण फिरायचं म्हणे! ज्यानं त्यानं बसल्या जागी घ्यायचं."

"फिरताना कुणी बघितलंय?"

"कुणीच नाही. आजीला तिच्या सासूनं सांगितलं होतं. आणि आजोबा म्हणतात," इथं तनुजानं गाल फुगवले आणि आवाज जाड केला, "'झाडं काय फिरतेत व्हय? येडी का खुळी तू?' सोमवारी ते मोडीत घालणारेत. वितळवून सगळ्या नातींना पैंजण करणारेत. मला पैंजण नकोत हो. मी पैज मारलीय. रविवारी विहिणींच्या पंगतीत हे फिरलं, तर घरात राहणार. नाही तर सोमवारी सराफ्यात."

"आणि आज गुरुवार."

"आज गुरुवार," तनुजा म्हणाली आणि हात जोडून उभी राहिली.

रत्नमालाताईंनी झाडाला बोटानं टिचकी मारली. आवाज स्वच्छ आला. "ठेवून जा," त्या म्हणाल्या. "मी काही शब्द देत नाही. पण ठेवून जा."

ती दुपार रिठ्याच्या कोमट पाण्यात आणि मऊ ब्रशात गेली. काळेपणाखालून आधी एक पान निघालं. मग दुसरं. चौथ्या पानाशी त्यांनी भिंग घेतलं, आणि मग त्या चहा प्यायच्या विसरल्या. पानं बारीक तार वळवून केलेली होती, करीमनगरकडचे कारागीर करायचे तसल्या तारकशीची. त्यातलं एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाला कीड लागलेली होती. खरंच, कडेनं कुरतडलेलं! एक वाळून दुमडलं होतं. आठ फांद्यांना साखळीनं लटकलेली आठ सीताफळं होती आणि फळांवरचा एकेक डोळा वेगळ्या ठशानं ठोकून उठवलेला. प्रत्येक फळावर एक पोपट बसला होता. पोपटाला धरून वर उचललं की फळाचा वरचा अर्धा भाग बिजागरीवर उघडायचा, आणि आत बोटभर खोल वाटी. आठ पोपटांतला एक तर फळ सोडून शेजारच्या पोपटाच्या शेपटीत चोच घालत होता.

रत्नमालाताई मोठ्यानं हसल्या. घरात एकट्याच होत्या, तरी हसल्या.

शेजारची रूपा खिडकीतून डोकावली. "काय झालं ताई?"

"अगं, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी चेष्टा केलीय, ती मला आत्ता कळली. ये, ये, बघ!"

रूपा शिवणकाम टाकून आली. दोघींनी मिळून बुंधा उजळला. खाली कमळाच्या बैठकीभोवती आठ हत्तींची रांग होती. सात जण पुढच्याची शेपटी सोंडेत धरून शहाण्यासारखे एका दिशेनं चालले होते. आठवा सुटा, उलट्या तोंडानं उभा.

"हा चुकला वाटतं कारागीर," रूपा म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तनुजाला फोनवर विचारलं, तर तीही तेच म्हणाली. घरात सगळे त्याला 'येडा हत्ती' म्हणतात. कारागिराला त्या दिवशी जेवायला उशीर झाला म्हणून त्यानं रागानं उलटा बसवला, असं आजी सांगते.

रत्नमालाताईंना ते पटेना. कीड लागलेलं पान करणारा माणूस हत्ती चुकवेल कसा? त्या तासभर त्या हत्तीकडे बघत बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की सात हत्तींच्या पाठीवरच्या झुलीची नक्षी अजून टोकदार आहे, बोटाला टोचते. आठव्याची झूल मात्र गुळगुळीत झालीय. म्हणजे या एकाच हत्तीला माणसांनी वर्षानुवर्षं धरलं होतं. कशासाठी धरलं होतं? त्यांनी त्याच्या पायाशी तेलाचा थेंब सोडला, दहा मिनिटं थांबल्या, झूल चिमटीत पकडली आणि पिळली.

कट्.

हत्ती फिरला. पूर्ण गोल फिरून पुन्हा उलट्या तोंडानं उभा राहिला. बुंध्याच्या पोटात काहीतरी खरखरलं आणि गप्प झालं.

"चावी!" रत्नमालाताई ओरडल्या. "रूपा, अगं हत्ती म्हणजे चावी आहे!"

रूपा सुईदोऱ्यासकट धावत आली. दोघींनी एकमेकींचे हात धरून त्या एवढ्याशा खोलीत गिरकी घेतली. रत्नमालाताईंचा गुडघा दुखायचा, पण तेव्हा दुखला नाही.

मग बैठकीच्या पाकळ्या सोडवून त्यांनी बुंधा उघडला. आत पितळी चाकं होती, नखाएवढ्या दातांची, आणि त्यात कधीकाळची बडीशेप दगड होऊन बसलेली. चाकं फिरवणारी पोलादी कमान, घड्याळात असते तसली, तुटून तिचे तीन तुकडे झालेले. एक चाक तर त्यांना अगदी बिनकामाचं वाटलं. ते इतकं सावकाश फिरायचं की त्यानं काही होतच नव्हतं. काढून टाकावं का, असा विचार आला. पण ज्यानं एवढं नेमकं काम केलंय तो उगीच चाक बसवणार नाही, असं म्हणून त्यांनी ते धुऊन जागच्या जागी लावलं.

बैठकीचा तळ झाकणारा पत्रा त्यांनी सगळ्यात शेवटी पुसला. त्याची आतली बाजू कधीच कुणाला दिसण्यासारखी नव्हती. तिथं एक चित्र होतं. बारीक ठशांनी उठवलेलं, तळहाताएवढं. लोडाला टेकून एक जाडजूड माणूस झोपलाय, तोंड उघडं, मिशा गालांवर पसरलेल्या, आणि वर आलेल्या पोटावर एक पोपट निवांत बसलाय. खाली नाव नाही, गाव नाही.

रत्नमालाताईंनी ते चित्र रूपाला दाखवलं नाही. एवढी गोष्ट थोडा वेळ फक्त आपल्याच जवळ असावी असं त्यांना वाटलं. मालक रोज दुपारी जेवून घोरत असणार, आणि हा कारागीर पलीकडे बसून ठोकत असणार, ठक ठक ठक. दोघांत एक जण जागा.

कमानीसाठी त्या गुलमंडीकडच्या एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याकडे गेल्या. त्यानं भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची कमान काढून हातात दिली. "किसके वास्ते होना, आपा?"

"झाड के वास्ते."

"झाडकू कमान?" त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "जमाना बदल गया बोलो!"

कमान मूळच्या कमानीपेक्षा जोरकस होती, हे रत्नमालाताईंना दिसत होतं. पण तीच मिळाली. शनिवारी सकाळी त्यांनी ती बसवली, रूपाकडचे भाजलेले शेंगदाणे आठही फळांत भरले आणि हत्तीला चार फेरे दिले. झाड हललं. आधी एक झटका, मग संथ, डौलदार गिरकी. फळं हलकेच झुलली, पानं किणकिणली, आणि एकेक पोपट त्यांच्यासमोरून असा गेला जसं काही वरातीत बसलाय. पाच फेरे घेऊन झाड थांबलं. रूपानं टाळ्या वाजवल्या. रत्नमालाताईंनी सहा फेरे देऊन पाहिलं, तर फळं जरा बाहेरच्या बाजूला उडायला लागली. त्यांनी लगेच हात लावून थांबवलं.

तनुजा हळदीच्या अंगानंच झाड न्यायला आली. गालाला हळद, स्कूटरच्या मुठीला हळद. झाड फिरताना बघून तिनं रत्नमालाताईंना मिठी मारली, तर त्यांच्याही साडीला हळद.

"चार फेरे," रत्नमालाताईंनी बजावलं. "चारच. कमान जोराची आहे."

"चारच. पण तुम्ही उद्या यायचं. तुम्ही नाही आलात तर मी बोहल्यावर चढणार नाही."

रविवारी जालना रोडवरच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. नवरा मुलगा ऋतुराज पडेगावचा, हसतमुख. त्याची आई मंजुषाबाई मात्र निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं असं पठाड्यांकडची मंडळी दोन महिने एकमेकांना सांगत होती. विहिणींच्या पंगतीला लांब टेबल मांडलं होतं, आणि मध्यभागी चांदीचं झाड झळकत होतं. फळांत बडीशेप, खडीसाखर, धनाडाळ, वेलदोडे, बदाम, सुपारी, लवंगा आणि गुलकंदाच्या गोळ्या.

तनुजाचे आजोबा काकासाहेब गुलाबी फेटा बांधून टेबलाच्या टोकाशी उभे होते. भरदार माणूस, भरदार मिशा. "दिसतंय तर झकास," ते म्हणाले. "पर फिरलं पायजे. नाय फिरलं तर उद्या सकाळी सराफा."

"मावशींनी केलंय, फिरणारच," तनुजा म्हणाली. "आजी, तू चावी दे. चार फेरे हं."

आजी म्हणजे सारजाबाई. किरकोळ अंगाच्या, नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या आणि मनगटात साठ वर्षं विहिरीचा रहाट ओढल्याचं बळ. त्यांनी येड्या हत्तीला चिमटीत धरलं आणि एक, दोन, तीन, चार फेरे दिले. मग थांबून त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पडेगावच्या चौदा विहिणी ओळीनं बसल्या होत्या.

"चार?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एवढ्या इहिणी आल्यात अन् चारच? लोकं काय म्हनतील!" आणि त्यांनी हत्ती पिळायला सुरुवात केली.

रत्नमालाताई जिलबीच्या टेबलाजवळ होत्या. कट् कट् कट् असा आवाज त्यांना तिथपर्यंत आला. "आजी, नाय! बास!" म्हणत त्या धावल्या. पण सारजाबाईंचे एकवीस फेरे झाले होते, आणि त्यांनी हात सोडला होता.

झाड निघालं. पहिला फेरा डौलात झाला. विहिणी "अय्या" म्हणाल्या. दुसऱ्या फेऱ्याला फळं बाजूला उडाली. तिसऱ्याला ती जत्रेतल्या पाळण्यासारखी आडवी झाली, आणि चौथ्याला आठही पोपट एकदम मागं कलंडले, आठही फळं उघडली आणि बडीशेपेचा पाऊस सुरू झाला.

खडीसाखर मठ्ठ्याच्या पेल्यांत पडली. धनाडाळ शालूंवर, वेलदोडे नथींवर. गुलकंदाची एक गोळी काकासाहेबांच्या फेट्यात जाऊन रुतली आणि तिथंच राहिली. ऋतुराज मुंडावळ्यांसकट धावत आला, झाड थांबवायला हात घातला आणि बोटाला पोपटाची चोच बसल्यावर "आई गं" म्हणून मागं सरला.

"बंद करा त्ये! आरं, बंद करा!" काकासाहेब गरजले.

मंजुषाबाई उभ्या राहिल्या. बँडवाल्यानंसुद्धा तोंडातलं वाजवायचं काढलं. मंजुषाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि झाडावरून सणसणत आलेला एक बदाम नेमका त्यांच्या तोंडात गेला.

त्यांनी तोंड मिटलं. सगळं लग्न त्यांच्या जबड्याकडे बघत होतं. त्यांनी सावकाश चावलं.

"बदाम," त्या म्हणाल्या.

आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग असं की त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली. मग कोण कुणाला आवरणार? विहिणी उठल्या आणि पदर पसरून बडीशेप झेलायला लागल्या. कुणी तोंड उघडं ठेवून झाडाभोवती फिरायला लागलं. बँडवाल्यानं न सांगता नाचाचं गाणं धरलं. तनुजा शालू खोचून मंजुषाबाईंसोबत उड्या मारत होती, आणि सारजाबाई मधोमध उभ्या राहून, "घ्या की, घ्या! कमी न्हाई!" असं ओरडत होत्या.

रत्नमालाताई टेबलाशी पोचल्या खऱ्या, पण हात घालायचं विसरल्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी केलेले भाग कुठल्या ना कुठल्या बंद डब्यात जाऊन बसले होते. ते चांगले होते, अचूक होते, पण ते बघून कुणी कधी हसलं नव्हतं. त्यांच्या केसांत धनाडाळ पडत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसावं असंही त्यांना वाटत नव्हतं.

हळूहळू झाडाचा जोर ओसरला. फळं खाली आली, मिटली. शेवटचा फेरा अगदी संथ झाला, आणि तेवढ्यात बुंध्यावरची एक गाठ दारासारखी उघडली. आतून बोटाएवढी खार बाहेर आली. तिनं दोन्ही हातांत चांदीची एक सीताफळाची बी धरली होती. तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, शेपटी हलवली आणि परत आत गेली. दार मिटलं. झाड थांबलं.

"हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं!" तनुजा किंचाळली.

"मलाच माहीत नव्हतं," रत्नमालाताई म्हणाल्या. त्यांना ते बिनकामाचं चाक आठवलं. "चार फेऱ्यांत ती येतच नाही गं. पोटभर चावी दिली तरच येते."

"मंग?" सारजाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "माझं काय चुकलं?"

काकासाहेब फेट्यातली गोळी काढत जवळ आले. चेहरा अजून लाल होता. "ह्ये कुणी दुरुस्त केलं?"

"मी केलं," रत्नमालाताई म्हणाल्या. "कमान जोराची लागलीय. ती बदलायला हवी." काही निसटलं तर नाही ना, हे बघायला त्यांनी झाड उचललं. धक्क्यांनी सैल झालेला तळाचा पत्रा खळकन टेबलावर पडला, चित्राची बाजू वर.

सगळे वाकले. लोड, उघडं तोंड, पसरलेल्या मिशा, पोटावरचा पोपट. मग सगळ्यांनी हळूच मान वर करून काकासाहेबांकडे पाहिलं. माणूस तोच होता. फक्त फेटा नव्हता.

"ह्यो कोन?" काकासाहेबांनी विचारलं.

"आरसा आनू का?" सारजाबाई म्हणाल्या. "रोज दुपारी बघते की मी ह्येला."

काकासाहेबांनी पत्रा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "आमचे आजोबा हायेत," ते सावकाश म्हणाले. "त्येंचा फोटूच नाय घरात एक बी. कसे दिसायचे कुनाला ठाव नव्हतं." मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. "पोपट तर बघा बेट्याचा! पोटावर!" ते हसायला लागले तेव्हा फेटा सुटून खांद्यावर आला, तरी त्यांना भान नव्हतं. हसता हसता त्यांनी खुर्ची ओढली. "बाई, बसा. आधी जेवा. अन् उद्याचं सराफ्याचं रद्द करून टाक गं तनुजा."

मंजुषाबाई पुढं सरकल्या. "त्यांना माझ्याशेजारी बसवा. मला ते आतलं सगळं समजून घ्यायचंय." आणि रत्नमालाताईंनी जिलबीच्या तुकड्यानं ताटावर चाकं काढून त्यांना दाखवली.

दहा-बारा दिवसांनी झाड मऊ कमान बसवायला परत उस्मानपुऱ्यात आलं. या वेळी ते जीपमधून आलं, सोबत काकासाहेब आणि सारजाबाई. कमान अर्ध्या तासात बसली. तरी दोघं उठेनात. शेवटी काकासाहेब खाकरले.

"बाई, त्या कारागिरानं नाव नाय लिवलं आपलं. तुमचं तरी ऱ्हाऊ द्या. आत, पत्र्यावर. बाजूला जागा हाय."

रत्नमालाताईंनी पत्रा हातात घेतला. खरंच, झोपलेल्या माणसाशेजारी बोटभर जागा कोरी होती. ठोकताना हलू नये म्हणून त्यांनी राळ गरम करून पत्रा तिच्यावर बसवला आणि बारीक ठसा निवडला.

"थांबा," सारजाबाई म्हणाल्या. "नाव घाला तुमचं खाली. पर वर मला काढा. ह्ये झोपलेत अन् मी हत्तीला चावी द्यायलेय, असं."

"आजी, मला चित्रं कुठं येतात? मी टूलरूमची बाई."

"येतं मंग. त्या पोपटाएवढी तर काढायचीय मला." सारजाबाईंनी पदर कमरेला खोचला, रिकाम्या हवेत हत्ती धरला आणि मनगट पिळून उभ्या राहिल्या. "काढा. अन् नाक जरा बारीक करा माझं. पुढं दोनशे वर्षं लोकं बघनारेत."

काकासाहेब भिंतीला टेकून बघत होते. चौथ्या ठोक्याला त्यांचे डोळे मिटले, सहाव्याला तोंड उघडलं.

"हलू नका आजी," रत्नमालाताई म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःचाच हात हसण्यानं हलत होता. पत्र्यावर सारजाबाईंचं पहिलं पाऊल चांगलंच मोठं उमटलं.